हात वर, आकडा खाली

तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. जिने चढून धापा टाकत आलेल्या माणसाला लगेच मंचावर बसवत, त्याच्या मनगटाला रक्तदाबाचं छोटं यंत्र बांधत आणि हात खुर्चीबाहेर लोंबता ठेवायला सांगत. समोरच्या मोठ्या पडद्यावर आकडा झळके. एकशे नव्वद. सगळे हळहळत.

"आग डोक्यात चढलीय," मंचावरचे गारबाबा म्हणत. "हात आकाशाकडे द्या. चंद्रलहरी बोटांतून शिरतील, आग तळव्यातून पळेल. विज्ञान इथवर यायचंय अजून."

मग मनगट डोक्याहून उंच खांबावर टेकवत. बाबा थोडं पुटपुटत, डोळे फिरवत. यंत्र पुन्हा चालू केलं की आकडा थेट एकशे वीसवर. टाळ्यांनी छत दणाणे.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई तिथे आल्या होत्या त्या भावाच्या हट्टापायी. थोरला भाऊ कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवी. रक्तदाब जुना, तंबाखू त्याहून जुनी. त्याचाही आकडा उतरला.

"बघितलंस?" जिना उतरताना तो म्हणाला. "आता गोळ्या बंद."

"दादा, डॉक्टरांना विचार तरी."

"ते कशाला बंद कर म्हणतील? आणि मला होतंय काय? ठणठणीत आहे मी."

बाईंना खात्रीने काही खोडून काढता येईना. एवढंच कळत होतं, की कुठेतरी पाणी मुरतंय.

महिनाभरात तो दुकानात किल्ली घासताना कोसळला. आधी डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली, मग उजवा हात लुळा पडला आणि बोलणं बोबडं झालं.

"वन्सं, हे घसरून पडले नाहीत, डोकं कुठे आपटलं नाही," रुग्णालयात वहिनी परत परत सांगत होती. "मग डोक्यात रक्त आलं कुठून?"

डॉक्टर तिच्यासमोर बसल्या. "मार लागून होतं, तसं मार न लागताही होतं. कुणाच्या रक्तवाहिनीला आधीपासून फुगा असतो, कुणाला रक्त पातळ करायच्या औषधांनी होतं. पण सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की मेंदूतल्या बारीक नळ्यांच्या भिंती कमकुवत होतात. तंबाखू आणि दारू त्यात भर घालतात. यांच्या स्कॅनवरून तसंच दिसतंय. गोळ्या चालू होत्या ना?"

"महिन्यापूर्वी बंद केल्या त्यांनी," वहिनी म्हणाली.

शेजारी परिचारिका भावाचा दाब मोजत होती. तिने त्याच्या हाताखाली उशी सरकवली. बाईंनी विचारलं, "उशी कशाला?"

"हात छातीच्या पातळीला हवा. खाली राहिला तर आकडा जास्त येतो, वर गेला तर कमी."

बाईंना सभागृहातला तो उंच खांब आठवला. टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला जोर, हे त्या दर वर्षी फळ्यावर काढून शिकवत होत्या.

पुढच्या सभेला त्या स्वतः मंचावर बसल्या. हात लोंबता, आकडा एकशे पन्नास. बाबांनी तो उचलून खांबावर टेकवला, पुटपुटले. आकडा नव्वद.

"आता मंत्र नको," बाई म्हणाल्या आणि हात खाली सोडून त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा एकशे पन्नास.

"मनात शंका आली, की आग परतते," बाबा हसून म्हणाले.

"बरं. शंका तशीच ठेवते, फक्त हात वर करते."

आकडा नव्वदवर आला. बाबांनी सेवकाला खूण केली, तसा पडदा काळा झाला.

"यंत्र बरोबर आहे," बाई लोकांकडे वळल्या. "लबाडी हाताच्या उंचीत आहे. माझा भाऊ या आकड्यावर विसंबला. आज त्याच्या उजव्या हातात किल्ली धरवत नाही. त्याला माझं नाव आठवत नाही."

"बाई, खाली उतरा," कुणीतरी दरडावलं. मागून शिव्याही आल्या. मग पुढच्या रांगेतले एक आजोबा चाचरत म्हणाले, "पण मला तर इथे आल्यापासून बरं वाटतंय. गोळ्या सोडूनही काही त्रास नाही."

"आजोबा, माझ्या भावालाही नव्हता. दाब वाढलेला बहुधा कळत नाही, म्हणून तर तो मोजायचा. शांत बसून, हात छातीच्या पातळीला ठेवून. गोळी सोडायची ती डॉक्टरांना विचारून, हात वर करून नाही."

आजोबा उठले. कठड्याला धरून सावकाश जिना उतरताना त्यांनी बाईंना विचारलं, "दवाखाना आत्ता उघडा असेल का हो?"

"असेल. चला, मी येते बरोबर."