डावा पाय सोडून धर

प्रतिक्षाला घोट्याची पकड शिकवली ती कॉलेजच्या सरांनी. पण ती कधी टाकायची, हे तिला तिची आई सांगायची, तेही दोरीच्या बाहेरून. चढाईला आलेल्या पोरीचा पाय जरा पुढं पडला की शालन ओरडायची, "घाल." एवढंच. आणि तो शब्द पुरता संपायच्या आत प्रतिक्षा आडवी होऊन समोरचीचा घोटा दोन्ही हातांनी धरून बसलेली असायची. सर म्हणायचे, ही पोरगी डोळ्यांनी नाही, कानांनी कबड्डी खेळते.

शालन गेली आणि प्रतिक्षाची पकड उशिरा पडायला लागली. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतरच्या पहिल्याच मॅचला तिनं तीनदा सूर मारला आणि तिन्ही वेळा हातात नुसती मॅट आली. बाकीच्या पोरींनी ओढूनताणून संघ फायनलला नेला. फायनलच्या आधल्या आठवड्यात जेवताना ती बापाला म्हणाली,

"पप्पा, फायनलला तुमी ओरडा."

"मी?"

"आईसारखं. एकच शब्द हाय. मला कळतच न्हाय कधी जायचं ते. ह्या वेळी पण हात मोकळा आला तर सर मला बाहेर बसवनार. मग विद्यापीठाच्या संघात कोण घेतंय मला?"

नवनाथनं हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. तो पाणीपुरवठ्यात चावीवाला होता. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या गल्लीला ते कमी आलं त्या गल्लीच्या शिव्या चावीवाल्याला, हा शहराचा जुना नियम. नवनाथ रस्त्यावर वाकून चावी फिरवायचा आणि बाया वरून बोलायच्या. त्यानं कधी मान वर केली नाही. घरातलं ओरडायचं काम शालनकडं होतं आणि ती ते दोघांच्या वाटणीचं करायची. आता ते काम त्याच्यावर आलं.

घरात ओरडायची लाज वाटली म्हणून तो पाण्याच्या टाकीवर गेला. वर कुणी नव्हतं. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "घाल." शेजारी बसलेलं कबूतरसुद्धा हललं नाही. मग जरा जोरात. मग आणखी जोरात. तेवढ्यात टाकीचा रखवालदार सिदू धापा टाकत जिना चढून वर आला आणि चार हात लांबच उभा राहिला.

"भाऊ, खाली या. जे काय आसंल ते बोलून मिटवू."

"आरं, मी ओरडायला आलोय."

"ओरडा की. खाली येऊन ओरडा. वैनी गेल्या, आमाला पन वाईट वाटतंय. पन पोरीचा इचार करा."

"पोरीसाठीच ओरडतोय."

सगळं समजल्यावर सिदू कठड्याला टेकून पोट धरून हसला. मग त्यानंच शिकवलं. तो मेंढरामागं वाढलेला माणूस. "आवाज गळ्यातनं काडू नका, बेंबीतनं काडा. मेंढरू पार वड्यापल्याड गेलं तर त्याला काय हळू बोलून बोलावता व्हय?" दोघं टाकीवर उभे राहून घाल, घाल ओरडत राहिले. खालच्या गल्लीतल्या बाया पाणी सुटलं म्हणून घागरी घेऊन बाहेर आल्या आणि नळ कोरडा बघून वर तोंड करून जे बोलल्या, ते ऐकून दोघं मागच्या जिन्यानं उतरले.

फायनल रविवारी होती, आपल्याच कॉलेजच्या मैदानावर. समोर अक्कलकोटकडचा संघ. गल्लीचं पाणी शनिवारीच येऊन गेलेलं, त्यामुळं बाया मोकळ्या होत्या. शेजारच्या भीमा मावशींनी सगळ्यांना गोळा करून पहिली रांग धरली. शालन असताना हीच रांग तिच्या मागं ओरडायची. मावशी नवनाथला म्हणाल्या, "तू सुरू कर. आमी हावोत मागं. पन पानी सोडल्यासारखं थेंब थेंब करू नको. यकदम सोड."

समोरच्या बाजूला अक्कलकोटची थोडीच माणसं होती. त्यांत एक बाई एकटी उभी, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. चंद्रव्वा. तिची पोरगी दानेश्वरी चढाईला आली की ही बाई दोरीला धरून एकच ओरडायची, "बा, दानी, बा." कानडीत बा म्हणजे ये. पोरगी पलीकडं गेल्यापासून परत येईपर्यंत आई तिला घरी बोलवायची.

आणि दानेश्वरी दर वेळी यायचीच. उंच, काटक, हात लांब. गुण घेऊन हसत यायची आणि जाताना प्रतिक्षाकडं बघून भुवया उडवायची. पहिल्या डावात तिनं निम्मा संघ बाहेर बसवला. नवनाथ उभा होता, तोंड उघडं होतं, पण शब्द बाहेर येत नव्हता. प्रतिक्षानं दोनदा मागं वळून त्याच्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा सरांनी बघितलं, आणि सरांच्या शेजारी बदली पोरगी उठून अंग मोकळं करायला लागली.

"आरं बाबा, सोड की," मावशी म्हणाल्या.

दानेश्वरी पुन्हा चढाईला आली. डावा पाय पुढं पडला. नवनाथला तो पाय दिसला आणि बेंबीतनं आवाज निघाला, "घाल."

मैदानावर टाकीच्या टाकी रिकामी झाल्यासारखा तो आवाज पडला. प्रतिक्षा कधी गेली ते कुणाला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की दानेश्वरी पडली आहे आणि तिच्या घोट्याला प्रतिक्षा चिकटली आहे. बायांनी एकमेकींच्या पाठी बडवल्या. बदली पोरगी खाली बसली. नवनाथला स्वतःच्या आवाजाची गोडी लागली. पुढच्या चढाईला घाल, त्याच्या पुढच्या चढाईला घाल. प्रतिक्षा पुन्हा कानांनी खेळायला लागली आणि गुण सरकत सरकत बरोबरीला आले. कॉलेजची पोरं विचारायला लागली, हा काका कोण? कुणीतरी म्हणालं, पाणी सोडणारा आहे. मग पोरंही ओरडली, "सोडा, काका, सोडा."

शेवटाला थोडा वेळ राहिला असताना दानेश्वरी पुन्हा आली. तोच पाय, तोच शब्द, तीच पकड. पण या वेळी ती पडताना अंग एकीकडं गेलं आणि पाय एकीकडं राहिला. प्रतिक्षानं हात लगेच सोडले. दानेश्वरी घोटा धरून गोळा होऊन पडली.

मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "उचला, उचला, न्या घरी." कुणीतरी अक्कलकोटच्या एसटीची वेळ सांगितली. त्यावर हशा झाला.

पलीकडं चंद्रव्वाचा हात तोंडावर गेला होता. तिचं बा बंद पडलं होतं. मग ती हळू म्हणाली, "एळव्वा." एवढ्या गोंधळात ते कुणाला ऐकू गेलं नसतं, पण नवनाथचे डोळे तिच्यावरच होते. काय म्हणाली ते त्याला शब्दानं कळलं नाही, पण न कळण्यासारखंही काही नव्हतं. त्याला हळूच म्हणायचं होतं, मनातल्या मनात, की ऊठ पोरी. पण आता त्याच्याकडं हळू आवाज शिल्लकच नव्हता.

"ऊठ की गं बाई," तो ओरडला.

शिट्ट्या थांबल्या. पहिल्या रांगेतल्या बायांना वाटलं, ही नवी घोषणा आहे. नवनाथ म्हणेल ते म्हणायचं असं ठरलंच होतं. पंचवीस-तीस बाया एका सुरात म्हणाल्या, "ऊठ की गं बाई." मागच्या पोरांना चाल आवडली. त्यांच्याकडं हलगी होती. ऊठ की गं बाई, ऊठ की गं बाई, असं हलगीवर बसवून सगळं मैदान नाचायला लागलं. सर हात करून थांबवत होते, आपल्याच पोरांना सांगत होते की ती आपली नाही, समोरची आहे. कोण ऐकतंय.

डॉक्टरांनी घोटा दाबून, फिरवून बघितला. हाड शाबूत होतं, मुरगळला होता. घट्ट पट्टी बांधली. अक्कलकोटच्या प्रशिक्षकांनी बदलीसाठी हात वर केला, तो दानेश्वरीनं खाली ओढला. ती एका पायावर उभी राहिली, दुसरा टेकवून बघितला आणि गर्दीकडं बघून भुवया उडवल्या. मावशींनी तिची तिथूनच अलाबला घेतली.

"मावशी, ती आता आपल्याला हरवायला उठली हाय," शेजारीण म्हणाली.

"आसू दे. उठली न्हवं?"

शेवटची चढाई. मधे अक्कलकोटनं एक गुण फेडून दानेश्वरीला परत आत घेतलं होतं, त्यामुळं गुण पुन्हा बरोबर. दानेश्वरीला धरलं तर कप आपला. कुणाला शिवून ती परत गेली तर कप अक्कलकोटचा. नुसतीच परत गेली तर पुन्हा सगळं नव्यानं. ती लंगडत आली. चंद्रव्वानं दोरी धरली, "बा, दानी, बा." इकडच्या बायांना तोपर्यंत इतका नाद लागला होता की त्यांनीही धरलं, बा, दानी, बा. कुणाला बोलावतोय याचं भान एकीलाही नव्हतं.

प्रतिक्षा कोपऱ्यात वाकून उभी होती. कान बापाकडं. दानेश्वरी सरकत सरकत तिच्या पुढ्यात आली आणि नेमका डावा पाय पुढं पडला. पांढरी पट्टी, हातभर अंतरावर.

हीच वेळ होती. नवनाथला पक्कं माहीत होतं की तो घाल म्हणाला तर ती जाणार, बघणार नाही, विचार करणार नाही, जाणारच. आणि काहीच बोलला नाही तर पोरगी अशीच वाकलेली राहील आणि सर पुढच्या वर्षी तिचं नावही घेणार नाहीत. त्यानं श्वास घेतला. बेंबीतनं जे आलं ते असं होतं:

"डावा पाय सोडून धर."

कबड्डीत एवढं मोठं वाक्य बसत नाही. डावा पाय ऐकून प्रतिक्षा सुटली. सोडून तिला हवेत ऐकू आलं. तिनं हवेतच हात वर घेतले, कसे ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि धर येईपर्यंत ती दानेश्वरीच्या कमरेला लोंबकळत होती. कमरेची पकड तिनं जन्मात टाकली नव्हती. दोघी फिरल्या, दोघी आपटल्या, आणि दानेश्वरीनं तो लांब हात आणखी लांब केला. मध्यरेषेवर बोटं टेकली.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि गुण अक्कलकोटला दिला.

हलगी थांबली. भीमा मावशींनी सगळीकडं बघितलं आणि विचारलं, "आता ह्यात आपन हरलो का जिकलो?"

"हरलो, मावशी."

"मग मला रडू का येईना?"

हलगीवाल्यालाही तोच प्रश्न पडला असावा. त्यानं जरा वाट बघितली आणि वाजवायला सुरुवात केली. मग थांबायचं कुणाला सुचलंच नाही.

चंद्रव्वा दोरीखालून वाकून मैदान ओलांडून नवनाथसमोर आली. तिचं मराठी तोडकं होतं. "अण्णा, तुमी लई वरडलं," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं, ते जमेना, म्हणून तिनं पदराच्या गाठीतले शेंगदाणे काढून त्याच्या हातात दिले. नवनाथनं ते खाल्ले. दुसरं काय करावं त्याला कळलं नाही.

मग प्रतिक्षा आली. कोपर सोललेलं, केस तोंडावर. तो मान खाली घालून उभा राहिला.

"पप्पा, एक शब्द सांगितला हुता. तुमी पूर्ण अर्ज वाचून दाखवला."

"तिचा पाय..."

"मला दिसत हुता की. पन तुमी नुसतं घाल म्हनला असता तर मी गेलेच असते. सवयच हाय मला." तिनं तोंडावरचे केस मागं सारले. "आई काय म्हनली असती?"

नवनाथला खोटं बोलता येत नव्हतं. "घाल म्हनली असती."

"व्हय."

"आनि मग कप टाकून त्या पोरीला खांद्यावर घिऊन पैली दवाखान्यात पळाली असती. आपल्याला सांगितलं पन नसतं."

प्रतिक्षाला हसू आलं, ते मोठं होत गेलं आणि मध्येच त्याला पाणी सुटलं. नवनाथचंही तसंच झालं. बापलेक तिथं उभे राहून हसत होते आणि नाक पुसत होते. सर काहीतरी बोलायला आले होते, ते हे बघून परत फिरले. जाताना एवढंच म्हणाले, "कमरेची पकड वाईट नव्हती. उद्या सकाळी सरावाला ये."

दानेश्वरीला गाडीपर्यंत चालवेना. प्रतिक्षानं पाठ वाकवली. "बस."

"जड आहे मी."

"मघाशी उचलून बघितलंय. बस."

दानेश्वरी पाठीवर चढली, एका हातात कप, दुसरा हात प्रतिक्षाच्या गळ्यात. पुढं हलगी, मागं गल्लीच्या बाया, त्यांच्यात चंद्रव्वा. कुणी मोबाईलवर फोटो काढले. त्यात कोण जिंकलं ते पुढं कुणालाच सांगता आलं नाही.

"बोटं रेषेवर न्हवती," प्रतिक्षा खालून म्हणाली.

"होती की."

"अलीकडं हुती. मी बघितलंय."

"तू खाली तोंड करून पडली होतीस. काय बघितलंस?"

"पंचाला चष्मा पाहिजे."

"पुढच्या वर्षी परत ये. मग दाखवते."

"येनारच हाय. उजवा पाय पन नीट सांभाळ."

नवनाथ शेजारून चालत होता. त्यानं बोटं बघितली होती, अगदी नीट बघितली होती. तो बोलणार तेवढ्यात दोघींनी त्याच्याकडं बघितलं.

"काका, तुम्ही गप," दानेश्वरी म्हणाली.

"पप्पा, एक शब्द न्हाय," प्रतिक्षा म्हणाली.