जिन्याचं वळण

"उभी करूया काय वो, काका?" लवूनं खालून विचारलं.

"नको, आडवीच राहू दे," गोपाळराव म्हणाले. "खुब्याचं हाड मोडलंय तिचं."

तिसऱ्या मजल्यावरून निघालेलं स्ट्रेचर पहिल्याच वळणावर अडकलं होतं. त्यावर मालिनीवहिनी, गोपाळरावांची बायको. खालच्या टोकाला आमचा राखणदार लवू आणि अँब्युलन्सवाला निलेश, डोक्याच्या बाजूला मी. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटात राहतो. निलेशनं स्ट्रेचर जरा तिरकं केलं, तशा वहिनी अशा कळवळल्या की त्यानं पुन्हा सरळ केलं.

गोपाळराव वाकून कोपऱ्याला वीत लावायला लागले. आता मोजून काय मिळणार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा पाहिला आणि स्ट्रेचरची दांडी नीट धरली.

या माणसाचा जन्म दिल्लीत नौदलाच्या जहाजांचे आराखडे काढण्यात गेला. नौदल वाढत होतं, विमानवाहू जहाज आपल्याच देशात बांधायचं ठरलं होतं. त्यातलं आमच्या गोपाळरावांच्या वाट्याला काय आलं? विमानं नव्हेत, जखमी माणूस. वरच्या धावपट्टीवर कुणी पडला, तर त्याला झोपलेल्या स्थितीतच जहाजाच्या पोटातल्या दवाखान्यात पोचवायचं. त्या वाटेतली दारं, जिने, वळणं आखायची ती यांनी. आधी ती सगळी वाट प्लायवूडमध्ये खऱ्या मापात उभी करायचे आणि कचेरीत सर्वांत उंच म्हणून यांनाच स्ट्रेचरवर निजवून फिरवायचे.

"नोकरीत निजून बढती मिळवलेला मी एकटाच," असं ते गॅलरीत चहा पिताना सांगायचे. वहिनी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसायच्या. एरवी चहात साखर घालताना हात आखडणारी बाई. पण नवऱ्याच्या विनोदाला कधी कमी पडू दिलं नाही.

वळणाच्या जागेवरून मात्र कचेरीत खरी भांडणं व्हायची. "विमानवाल्यांना जागा हवी, तोफवाल्यांना हवी, आचाऱ्यालासुद्धा हवी," गोपाळराव म्हणायचे. "जखमीची बाजू मांडायला जखमी थोडाच मीटिंगला येतो?" म्हणून हे भांडायचे.

आणि निवृत्तीनंतर रत्नागिरीत फ्लॅट घेताना याच माणसानं काय पाहिलं? समुद्र. लिफ्ट नाही, चालेल. गॅलरीतून जहाजं दिसतात ना! "अहो, जिना अरुंद वाटतोय," वहिनी म्हणाल्या होत्या. "जिने बघण्यातच जन्म गेला. आता समुद्र बघू दे गो." हा संवाद मला दोघांनीही वेगवेगळा ऐकवला होता. शब्दाचासुद्धा फरक नव्हता.

"खुर्ची आणा," शेवटी वहिनीच म्हणाल्या.

मी वर जाऊन गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. त्यांच्याच साडीनं त्यांना खुर्चीला बांधलं. पुढचे पाय धरून गोपाळराव उलटे उतरत होते, त्यामुळे वहिनींचा चेहरा अगदी त्यांच्यासमोर. प्रत्येक पायरीला त्या ओरडत होत्या. मधल्या एका वळणावर आम्ही टेकलो, तेव्हा धाप लागलेल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमच्या बोटीवरचे नीट उतरतील ना?"

"उतरतील."

"मग झालं तर."

ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या.

पावस गावाहून आलेल्या पुतण्यानं, अनिलनं, वाद घातला. "काका, एकदा तरी घरात न्यायला हवी. पद्धत आहे."

"वर नेली, तर पुन्हा त्याच वळणावरून खाली आणायची," गोपाळराव म्हणाले. "आता तिला कुणी बसवायचं नाही."

त्यांनी घरातली समई खाली मागवली. पार्किंगमध्ये स्कूटरी बाजूला करून वहिनींना ठेवलं. अनिल माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. मीही, खोटं कशाला सांगू, थोडी हलवली.

तेरावं झाल्यावर एक दिवस मी त्यांच्याकडे बसलो असताना फोन वाजला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते स्पीकर लावतात. दिल्लीहून नीरजा होती, त्यांच्या हाताखाली शिकलेली. इकडचं तिला काही ठाऊक नव्हतं.

"सर, नवीन जहाजाच्या आराखड्याचं चाललंय. जुन्यात वळणाला एवढी ऐसपैस जागा का सोडलीये, ते इथे कुणालाच सांगता येत नाहीये. थोडी कापली तर केबल बसतात. अशी वेळ क्वचितच येणार. आणि आलीच, तर जखमीला खुर्चीत बसवून उतरवता येईल ना?"

गोपाळरावांनी फोन हातात घेऊन तोंडाजवळ धरला. तिला वाटलं फोन कटला.

"सर?"

"आधी तू स्वतःला खुर्चीत बांधून घे," ते म्हणाले. "पाय मोडलाय असं समज. मग उतरवायला सांग. आणि मग कापायची असेल तर काप."

"सर... नाही कापत."

"हं."

"मॅडम काय म्हणतायत?"

त्यांनी माझ्याकडे फोन सरकवला आणि आत निघून गेले.

ती खुर्ची लवूनं धुऊन दोनदा वर आणून ठेवली. दोन्ही वेळा गोपाळराव ती खाली सोडून आले. हल्ली संध्याकाळी गॅलरी बंद असते. ते खाली पार्किंगमध्ये त्या खुर्चीत बसतात, समुद्राकडे पाठ करून, जिन्याकडे बघत.