मादामची दुभाषी

सहा वर्षांच्या ब्रिनला बोलणंच मुळात उशिरा आलं. घरी तिच्या तोंडून एका वेळी दोन-तीन शब्द निघाले तरी तिची आई, ग्लेनिस, धन्य व्हायची. अशा पोरीला पहिलीला सगळं फ्रेंचमधूनच शिकवणाऱ्या वर्गात घातलं, म्हणजे हद्दच की! "एक भाषा जड जातेय, वर दुसरीचं ओझं कशाला?" असं जो तो म्हणायला लागला, आणि शेवटी ग्लेनिसनं मन घट्ट केलं. सोमवारपासून ब्रिन समोरच्या इंग्रजी वर्गात बसणार.

हे सांगायला ती शाळेत गेली, ती नेमकी मधल्या सुट्टीत. वर्गात नुसता धुडगूस. बर्फात खेळायला जायचं म्हणून सगळी पोरं जाड विजारी, बूट आणि हातमोज्यांशी झटत होती. ग्लेनिसनं दारातूनच वर्गाच्या बाईंशी इंग्रजीत सुरुवात केली, "मादाम आर्सनो, जरा ब्रिनबद्दल बोलायचं होतं."

मादामनी नुसतं बघितलं. भुवया वर, चेहरा कोरा.

बाजारात भेटल्या की याच बाई इंग्रजीत तासभर गप्पा हाणायच्या. पण मुलांसमोर त्यांना इंग्रजीचं अक्षरही कळत नाही, हा पहिलीच्या फ्रेंच वर्गाचा दंडक. पोरांचा त्यावर पक्का विश्वास. ग्लेनिस ते साफ विसरली होती.

एक बूट पायात, एक हातात, अशी ब्रिन लंगडत पुढे आली.

"आई, मादामना इंग्रजी येत नाही गं. मी सांगते ना. काय सांगू?"

एवढं बोलली! ग्लेनिसच्या तोंडातून खरं तेच गेलं. "सांग, सोमवारपासून तू इंग्रजी वर्गात जाणार."

ब्रिन वळली आणि फ्रेंच बोलायला लागली. अडखळत होती, पण थांबत नव्हती. शब्द अडला की हात हलवायची, दुसरा शोधायची, पुन्हा चालू. मादाम वाकून ऐकत होत्या. ग्लेनिसच्या मनात आलं, अगं बाई, हे माझंच लेकरू?

मध्येच ब्रिननं जोरात मान हलवली. आईकडे वळली.

"नाही. हे नाही सांगत मी. मी गेले तर मादामना कोण सांगणार? त्यांना कुणाचंच काही कळणार नाही, आई!"

ग्लेनिसनं तिच्या हातातला बूट घेतला. "बरं बाई. सांग त्यांना, ब्रिन कुठ्ठे जात नाही."

मादामना ते तिथल्या तिथे कळलं होतं. तरी त्या तशाच, काही न कळल्यासारख्या, ब्रिनच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ब्रिननं शब्द जुळवून जुळवून सगळं फ्रेंचमध्ये सांगून संपवलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे पुसले.