लाखबंद दिवा

स्पिरिटच्या काचेच्या दिव्याला पत्र्याचं झाकण होतं. त्यातून वातीची नळी जिथे वर येत होती, तिथे केसाएवढी फट होती. बोटाला ती लागत नव्हती. उजेडाकडे धरलं तरच दिसायची.

शाळांच्या प्रयोगशाळांसाठी घेतलेल्या सगळ्याच दिव्यांना ती होती. हिंगणीकडच्या एका शाळेत ज्योत त्या फटीतून आत शिरली, दिवा फुटला आणि रोशनी नावाच्या मुलीची बाही पेटली. तिथल्या शिक्षिका सुरभी मॅडमनी ती हातांनी विझवली. ही दिवाळीआधीची गोष्ट. तेव्हापासून या अपघाताची फाइल ‘चर्चा करावी’ एवढा शेरा घेऊन फिरत होती. आता दहावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आली होती आणि बाकीच्या शाळा खोकी उघडू लागल्या होत्या.

खरेदी समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव यांच्या वर्ध्यातल्या कार्यालयात मी सल्लागार वकील म्हणून बसले होते. शेजारी सुरभी मॅडम. त्यांच्या तळव्यांवर नवी, गुलाबी कातडी आली होती.

“वकीलबाई, एक ओळ लिहून द्या,” प्रभाकरराव म्हणाले. “माल नमुन्यासारखा नाई. पुरवठादार नेईन परत.”

“माल नमुन्यासारखाच आहे.”

पास झालेला नमुना कोणी बदलू नये म्हणून तो लाखेनं बंद करून कपाटात ठेवतात. तो टेबलावर होता. समितीची मोहर शाबूत होती.

“लाख लावण्याआधी पेटवून पाहिला होता?”

“नमुना कोनी पेटवते का बाई? काळा नाई होत?”

मी त्यांना लाख फोडायला सांगितलं. त्यांनी स्वतः फोडली. त्यांच्याच पेल्यातलं पाणी मी दिव्यात भरलं, झाकण घट्ट बसवलं आणि दिवा कलता धरला. नळीच्या कडेने एक थेंब आला, मग दुसरा.

“स्पिरिट याहून लवकर येतं,” मी म्हणाले. “तुम्ही म्हणता तसं लिहिलं, तर पुरवठादार कोर्टात हाच नमुना ठेवेल. निकाल लागेपर्यंत दिवे शाळांतच राहतील. नमुना न तपासता पास केला, असं समितीनं मान्य केलं, तर वापर आजच थांबवता येईल.”

“अन् चौकशी माह्यावर. रिटायरमेंटच्या तोंडावर.”

“हो.”

“पेन्शन अडकन.”

“अडकू शकतं.”

ते कसनुसं हसले. “केमिस्ट्री शिकून वकील झाल्या तुमी. जाळाले मीच भेटलो का?”

सुरभी मॅडम म्हणाल्या, “सर, त्या पोरीले मी जवळ होती म्हणून विझवलं. दुसऱ्या शाळेत कोन राहीन जवळ?”

प्रभाकररावांनी टेबलावरचं पाणी रुमालानं पुसलं. रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“लिहा,” ते म्हणाले. “नमुना मी न पेटवता पास केला. सगळ्या शाळांतले दिवे आजच परत बोलवा.”