लाल डोक्याच्या खुंट्या

रविवारी सकाळी उमेशने अंगणात फक्कीची रेघ मारली, तेव्हा त्याच्या डोक्यात वळणाशिवाय दुसरं काही नव्हतं. एरवी हा माणूस समंजस. पण एकदा रुळांवर ओणवा झाला की घराला आग लागली तरी "हां, आलो" म्हणणार आणि तिथून हलणार नाही. त्याची बायको योगिता त्याच्या या "हां, आलो"ला चांगली ओळखून होती.

गाडी खेळण्यातलीच, पण इंजिन चांगलं हातभर लांब. डहाणूच्या एका चिकूवाडीत त्याने शेठचे पंप बरीच वर्षं सांभाळले होते. शेठ मुलाकडे परदेशी निघाला, तेव्हा बागेतलं इंजिन, डबे आणि रुळांचं एक गोल कडं त्याने उमेशला देऊन टाकलं. तलासरीजवळच्या पाड्यात, उमेशच्या अंगणात ते कडं शेवग्याभोवती बसलं. मोटरसायकलच्या जुन्या बॅटरीवर गाडी फिरू लागली आणि पाड्यातली पोरं रविवारची वाट बघू लागली.

आता येत्या बुधवारी निलमचं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पुरुष मंडळी कुंपणापलीकडे आंब्याखाली बसणार. त्यांच्यापर्यंत सुपारी आणि बिड्या गाडीनेच पोचवायच्या, असं उमेशच्या मनाने घेतलं. त्यासाठी गोल कड्यातून एक नवा फाटा काढून कुंपणाच्या फटीतून आंब्यापर्यंत न्यायचा होता. फाटा आला म्हणजे सांधा आला, गाडीला या रुळावरून त्या रुळावर वळवणारी सरकती जीभ आली. उमेश आता कारखान्यात फिटर. पितळी पट्ट्या कानशीने घासून त्याने सांधा घरीच बनवला आणि तो हलवायला एक छोटी दांडी बसवली. स्वतःवर तो भलताच खूश होता.

कुंपणापलीकडची जागा सोमीकाकीची. तिथे तिच्या मिरच्या होत्या. वाटेत येणारी चार रोपं उमेशने उपटून ओल्या गोणपाटात ठेवली, नंतर लावू म्हणून, आणि रूळ पुढे नेला. काकीला काय विचारायचं? आई गेल्यावर तिनेच दोघा भावंडांना आपल्या ताटातलं भरवून वाढवलं होतं. निलमच्या लग्नाची धवलेरीही तीच. धवलेरीने गाणी म्हटल्याशिवाय या पाड्यात लग्न लागत नाही.

इथपर्यंत एक वेळ निभावलं असतं. घोळ झाला तो खुंट्यांमुळे.

गेल्या महिन्यात नव्या मोठ्या रेल्वेसाठी जमीन मोजायला माणसं आली होती. फक्कीच्या रेघा ओढत, लाल डोक्याच्या खुंट्या ठोकत ती शेताशेतातून गेली. सोमीकाकी त्यांच्या यंत्रासमोर मांडी घालून बसली आणि तंबाखू मळत राहिली. किती विनवलं तरी उठली नाही. मग बायांनी कोयत्यांनी सगळ्या खुंट्या उपटून समाजमंदिरामागे ढीग घातला. जो जमीन मोजू देईल त्याचा पाड्याशी संबंध तुटला, असं त्याच संध्याकाळी ठरलं. पाड्यातल्याच चिमणने तरीही मोजू दिली. त्याची आई गेली तेव्हा खांदा द्यायला त्याला तलासरी नाक्यावरून माणसं आणावी लागली. उमेशही गेला नव्हता, आणि ते त्याला अजून खात होतं.

त्या ढिगातल्या खुंट्या सरळ, टोकदार आणि फुकटच्या. फाटा आखायला उमेशने पिशवीभर उचलून आणल्या.

"लाल डोकी तरी तासायला पायजेत," योगिता म्हणाली होती.

"असू दे. उठून दिसतात."

उठून दिसल्याच. शेजारची बायजी पाण्याला चालली होती. तिने कुंपणावरून आत पाहिलं आणि रिकामा हंडा घेऊन तशीच माघारी फिरली. उमेशने मान वर केली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. सगळे त्या पांढऱ्या रेघेकडे आणि तिच्या कडेने उभ्या असलेल्या लाल डोक्यांकडे बघत होते.

"आमी तिकडं पाळ्या लावून शेतं राखतो," मिथुन म्हणाला. पाड्यातल्या तरुणांचा तो पुढारी. "आन तू घरातच मोजनी करून घेतलीस?"

उमेशला हसू आलं. ते हसू त्याने तिथल्या तिथे गिळलं असतं तर बरं झालं असतं. मिथुनचा चेहरा ताठ झाला आणि मागचे दोघेतिघे पुढे सरकले.

"अरे, हे खेळन्याचं हाय," उमेश घाईने म्हणाला. "आपल्या गाडीचं. लगनाला सुपारी न्यायला."

"खुट्या कोनाच्या मग?"

याला उत्तर देण्याआधीच सोमीकाकी गर्दीतून पुढे आली. खाली वाकून तिने एक खुंटी उपटली आणि उलटी करून बघितली. लाकडात कोयत्याचा घाव होता.

"ही माझ्या हातची हाय," ती म्हणाली. "मी उपटली ती तू ठोकलीस."

"काकी, मी खालून उचलल्या फक्त."

"निलमचं लगीन मी नाय लावनार."

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच उमेश घाबरला. निलम दारात हळदीचं सूप घेऊन उभी होती. तिने सूप खाली ठेवलं आणि दाराची चौकट धरली. योगिता तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. काकी नाही म्हणाली म्हणजे पाडा नाही म्हणाला. मांडवाचे खांब कोणी आणणार नव्हतं. चिमणच्या आईला खांदा द्यायला आणलेली नाक्यावरची माणसं उमेशला आठवली.

"गाडी चालवून दाखवतो," तो म्हणाला. "मग बोला काय ते."

"दाखव," मिथुन म्हणाला.

उमेशने बॅटरीच्या तारा जोडल्या. सांधा अजून एकदाही चालवून पाहिला नव्हता. ते काम त्याने दुपारसाठी ठेवलं होतं. इंजिन डबे ओढत शेवग्याला वळसा घालून सांध्यापाशी आलं, अडखळलं आणि आडवं पडलं. चाकं हवेतच फिरत राहिली.

"कसली गाडी नि कसलं काय," मागून कोणीतरी म्हणालं.

उमेश गुडघ्यांवर बसला. सांध्याच्या जिभेत फक्की शिरली होती, म्हणून ती पुरती मिटत नव्हती. त्याने फुंकर घातली, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, दांडी दोनतीनदा हलवली. इंजिन पुन्हा रुळांवर ठेवताना त्याने कोणाकडेही पाहिलं नाही.

या खेपेला जीभ टक्कन बसली. इंजिन किंचित झुकलं आणि वळून नव्या फाट्यावर चढलं. लाल खुंट्यांच्या कडेने कुरकुरत ते कुंपणाच्या फटीपर्यंत गेलं. उमेशने बटण फिरवून त्याला उलटं आणलं. लहान पोरं हसली, मग बायजी हसली. मिथुनने डोकं खाजवलं.

"च्यायला, खेळनंच हाय," तो म्हणाला. "परत सोड. पार शेवटपरत जाऊ दे."

उमेशने आता कुठे श्वास सोडला. अंगात एकदम हुशारी आली. इतकी माणसं आहेत तर गाडीला आधी एक पूर्ण फेरी देऊ, मग ऐटीत फाट्यावर घेऊ, असं त्याने ठरवलं. गाडी सुटली, आणि ती सांध्यावरून पुढे जाताच त्याने दांडी फाट्याकडे ओढून ठेवली. निलमनेही चौकट सोडली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की काकी अंगणात नाही.

ती कुंपणापलीकडे होती. फटीतून पलीकडे गेलेला रूळ, गोणपाटातली चार रोपं आणि वाफ्यातले चार खड्डे ती बघत होती. बघून झाल्यावर ती रुळावरच बसली, मांडी घालून, आणि कनवटीची तंबाखू काढली. पाड्याला ते बसणं माहीत होतं.

"काकी, ऊठ. गाडी येते," उमेश म्हणाला.

"येऊ दे."

"रोपं मी लावनार होतो."

"जागा कोनाची?"

"तुझीच. आपलीच ना, काकी."

"मोजनीवाल्यांनीबी असंच सांगलं," तंबाखू मळत ती म्हणाली. "आपलीच गाडी, आपलंच काम. तू मला विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं. नाही म्हणेल अशी भीती होती म्हणून नव्हे. काकी नाही म्हणू शकते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मिथुनला खोटं पाडायला त्याच्याकडे गाडी होती, काकीला सांगायला काहीच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

गाडी शेवग्याला वळसा घालून सांध्याकडे येत होती. बटण फिरवून ती थांबवता आली असती, पण त्याला ते सुचलं नाही. त्याने झेप घेऊन दांडी परत कड्याकडे ओढली. जीभ अर्ध्यात अडकली. त्याने ती बोटानेच ढकलली आणि इंजिन त्याच्या नखाला घासून जुन्या कड्यावर निघून गेलं. आपलं रिकामं गोल फिरत राहिलं.

मग तो उठला. फटीतून पलीकडे जाऊन त्याने काकीच्या जमिनीतली एकेक खुंटी उपटली. रूळ उचलून कुंपणाला टेकवला. चारही रोपं खड्ड्यांत लावली, माती दाबली, योगिताने आणून दिलेलं पाणी घातलं. पाडा बघत उभा होता. एवढं झाल्यावर तो काकीसमोर उकिडवा बसला. बोटातून थोडं रक्त येत होतं.

"काकी, तुझ्या वाफ्यातून रूळ नेऊ का? लगनापुरता."

काकीने तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली. मिरच्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"नाय," ती म्हणाली.

उमेशने मान हलवली. दारातल्या निलमकडे बघायची त्याची छाती होईना.

"बरं," तो म्हणाला.

तो बरं म्हणाल्यावर काकी उठली. लुगडं झटकलं, उपटलेल्या खुंट्या गोळा करून त्याच्या हातात मोळीसारख्या दिल्या.

"ह्या चुलीत घाल. बुधवारचा भात ह्यावर शिजव," ती म्हणाली. "मी सकाळीच येईन. गानी लांब हायत माझी."