वरच्या ओळीतली चूक

दादा जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि माऊ संगणकाच्या सी भाषेच्या प्रयोगशाळेत पुन्हा उभी होती. आईने तिला दारातच अडवून पाहिलं. "लोक काय म्हणतील?" म्हणाली. माऊने चपला पायात सरकवत उत्तर दिलं, "लोकांना सांग, प्रॅक्टिकलं तुंबलीत." खरं तर काही तुंबलं नव्हतं. तिच्या जागी एका सरांनी वेळ मारून नेली होती. पण घरात बसून तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काही न वाटता बसायचंच तर निदान कामावर बसावं, एवढा सरळ विचार तिने केला होता.

माऊ हे घरातलं नाव. संस्थेत ती मॅडम. दुपारच्या बॅचला येणारी माणसं वयाने मोठी असत. कुणाची नोकरी सुटलेली, कुणाची मुलं हाताशी आलेली, कुणाला मुळात घराबाहेर पडायला निमित्त हवं. सगळ्यांच्या चुका मात्र सारख्याच.

त्या दिवशीही तशाच होत्या. निवृत्त पोस्टमास्तर पहिल्याच संगणकावर हात वर करून बसले होते. "मॅडम, हा कंपायलर म्हणतो नवव्या ओळीत चूक आहे. मी नववी ओळ तीनदा पुसून पुन्हा लिहिली."

"आठवी बघा, काका."

"आठवीचं तो काही म्हणत नाही."

"तो म्हणणार नाही. आठव्या ओळीच्या शेवटी तुमचा सेमीकोलन राहिलाय. वाक्य संपलं हे त्याला कळलंच नाही, म्हणून तो तसाच नवव्या ओळीत शिरला आणि तिथे जाऊन अडखळला. जिथे अडखळतो तिथलाच आकडा तो सांगतो."

पलीकडे चष्मेवाल्याने 'मेन'च्या जागी 'मीन' लिहून ठेवलं होतं. प्रोग्रॅम सुरू कुठून करायचा तेच यंत्राला सापडत नव्हतं. एरवी माऊने त्याला हमखास विचारलं असतं, "काय हो, मीन राशीचे का तुम्ही?" आणि सगळी बॅच खिदळली असती. विनोद तिला सुचलासुद्धा. पण तो तोंडापर्यंत यायचे कष्ट घेईना. तिने नुसतं ते अक्षर दाखवलं आणि पुढे सरकली. कुणी व्हेरिएबल घोषित न करताच वापरलं होतं, कुणी महिरपी कंस उघडून बंद करायचा विसरला होता. ती सांगत होती, बोट दाखवत होती, लोक मान डोलवत होते. हे सगळं काचेपलीकडे दुसरीच कुणी बाई करतेय आणि आपण इकडून बघतोय, असं तिला वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात वहिनीने विचारलं. घरात कुणीतरी लांबचे नातेवाईक येऊन रडून गेले होते आणि वहिनी ग्लास विसळत होती.

"माऊ, तुझ्या त्या वर्गात मला बसता येईल?"

"सी शिकायला?"

"काहीही शिकायला. इथे जो येतो तो रडतो, आणि मी त्याला पाणी देते. कंटाळले मी."

वहिनी रडली नव्हती. दादाला नेलं तेव्हाही नाही, नंतरही नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्यांना हलक्या आवाजात सांगायची, "डोळ्यातून टिपूस काढलं नाही हो तिने." हलका आवाज म्हणजे स्वयंपाकघरात बरोब्बर ऐकू जाईल इतका. माऊ स्वतःही रडली नव्हती, पण तिच्याबद्दल कुणी काही म्हणत नव्हतं. ती नोकरी करते ना, तिला वेळ कुठे. आणि खरं सांगायचं तर मनातून माऊलाही वाटायचं की आपलं एक वेळ ठीक आहे, पण वहिनीने तरी रडायला हवं होतं.

तरीही तिने वहिनीचं नाव घातलं. पहिल्या दिवशी माऊ प्रयोगशाळेत शिरली तशी वहिनी बाकीच्यांबरोबर ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम." माऊला क्षणभर कुठे बघावं कळेना.

वहिनी खिडकीजवळच्या संगणकावर बसायची. त्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती, त्यामुळे ती अंदाजाने टाइप करायची आणि चुका रगड व्हायच्या. एकदा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं, आणि पडदाभर चुकांची रांग लागली. पोस्टमास्तर वाकून बघत म्हणाले, "अरे बापरे, एवढ्या? प्रोग्रॅम तर चार ओळींचा आहे!" मागून कुणीतरी हसलं.

वहिनीने मान वर केली. "मॅडम, कुठून सुरुवात करू?"

"पहिली चूक बघ. तेवढीच दुरुस्त कर. बाकीच्यांकडे लक्ष देऊ नकोस, त्या तिच्यामुळे आल्यात."

वहिनीने अवतरण बंद केलं, पुन्हा चालवलं. सगळी रांग गायब. ती बराच वेळ त्या मोकळ्या पडद्याकडे बघत राहिली. जाताना बसमध्ये म्हणाली, "तुझा दादा म्हणायचा, माऊचा कंपायलर अगदी आपल्या आईसारखा आहे. मीठ कमी पडलं की लग्नापासूनचं सगळं काढतो."

"असं म्हणायचा?"

"लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून फोन करायचा तेव्हा म्हणायचा. आईंसमोर कशाला म्हणेल?"

दोघींनाही हसू येण्यासारखं होतं ते. पण दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या.

वहिनी मन लावून शिकू लागली. घरी भाजी निवडताना मध्येच विचारायची, "स्कॅनफने आकडा आत घेताना ते 'अँड'चं चिन्ह का लागतं गं?" माऊ सांगायची, "आकडा कुठल्या घरात नेऊन ठेवायचा त्याचा पत्ता द्यावा लागतो. पत्ता दिला नाहीस तर तो भलत्याच घरात शिरायला जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो." वहिनी "बरं" म्हणायची. एकदा ती आपणहून म्हणाली, "मला ते आवडतं. काय चुकलं ते कुणीतरी सांगतं तरी."

"नीट कुठे सांगतो? बघतेस ना, दाखवतो एक, असतं दुसरंच."

"तरी सांगतो," वहिनी म्हणाली.

मग आली सराव परीक्षा. प्रश्न सोपा होता: लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी आज्ञा, वापरून सातचा पाढा छापायचा. माऊ टेबलापाशी बसून वेळ काढत होती. एकेक जण पाढा दाखवून, सही घेऊन, संगणक बंद करून निघून गेला. पोस्टमास्तरांनी तर हौसेने आठचाही छापला. खोली रिकामी झाली. पंखे घरघरत होते, आणि खिडकीजवळ वहिनी मांडीवर हात ठेवून तशीच बसून होती.

माऊ जवळ गेली. काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. बाकी काही नाही.

"कधीपासून असं आहे?"

"सुरुवातीपासून."

"म्हणजे पूर्ण वेळ? मग मला हाक का नाही मारलीस, वहिनी?"

"चूक दाखवली नाही त्याने. एकही नाही. मी दोनदा बघितलं." वहिनीचा आवाज सपाट होता, दुधवाल्याला उद्या दूध नको सांगावं तसा. "मला वाटलं, चालू आहे. आतल्या आत करत असेल काहीतरी. मध्येच कशाला हात लावा."

माऊ स्टूल ओढून बसली. कोड समोर होता. चूक तिला लगेच दिसली, पण वहिनी अजून बोलत होती, पडद्याकडे बघतच.

"त्या दिवशीही तसंच वाटलं. म्हणाला, जरा पडतो, पाठ भरून आलीये. मी म्हटलं, पड. कपडे वाळत घातले. आईंना गोळी दिली. दोनदा दारातून बघून आले. तोंड भिंतीकडे होतं. मला वाटलं, झोप लागलीये बिचाऱ्याला, कधी नव्हे ती. म्हणून मी कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टीने जाग येईल म्हणून." ती थांबली. "सगळे विचारतात, काही कळलं कसं नाही? छातीत दुखतंय म्हणाला नाही, हाक मारली नाही. काहीच म्हणाला नाही गं तो. मी काय कळून घेऊ?"

माऊला वाटलं, आता हिच्या खांद्यावर हात ठेवावा. हात उचलला, आणि तो पडद्याकडेच गेला.

"हे बघ. लूपची, म्हणजे व्हाइलची, अट लिहून तू पुढे सेमीकोलन दिलायस."

"तूच सांगितलंस ना, ओळीच्या शेवटी द्यायचा?"

"इथे नाही. इथे दिला की लूप तिथेच संपतो. तो अट तपासतो, काही करत नाही, पुन्हा अट तपासतो. खालच्या कंसात पोचतच नाही. व्याकरणात बसतं ते, म्हणून कंपायलर गप्प राहतो. दोष तुझा नाही, वहिनी. यात सांगण्यासारखं त्याला काही दिसतच नाही. भल्याभल्यांचं असं होतं. माझंही व्हायचं."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. माऊने पुन्हा म्हटलं, "दोष तुझा नाही." दुसऱ्यांदा म्हणताना ती पाढ्याबद्दल बोलत नव्हती, आणि ते दोघींनाही कळलं.

वहिनीने अडकलेला प्रोग्रॅम बंद केला, सेमीकोलन खोडला, पुन्हा चालवला. सात, चौदा, एकवीस. भराभरा सगळा पाढा खाली आला. कुणालाच रडू आलं नाही. माऊने सही केली, दोघींनी मिळून खिडक्या लावल्या आणि निघाल्या.

घरी आत्या आलेली होती. चहा झाल्यावर तिने नेहमीचा सूर लावला आणि आईने नेहमीचं वाक्य सुरू केलं, "डोळ्यातून टिपूस..."

"आई, पुरे," माऊ म्हणाली.

"मी काय खोटं बोलले?"

"मीही रडले नाही. मला कधी म्हणालीस? यापुढे घरात हे वाक्य ऐकायचं नाही मला. आत्या, तूसुद्धा ऐक."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच की काय, आई गप्प झाली. कायमची नाही, पण तेवढ्यापुरती झाली. पुढे कधीतरी पुन्हा बोलली, तेव्हा माऊने पुन्हा अडवलं. हळूहळू ते वाक्य बंद झालं. आई आणि वहिनी यांच्यात प्रेम वगैरे काही उतू गेलं नाही. एका टेबलाशी दोघी निवांत बसायला लागल्या, इतकंच.

कोर्स संपल्यावर वहिनीला एका छापखान्याच्या कचेरीत काम मिळालं. सीचा तिथे काडीचा उपयोग नव्हता, पण मुलाखतीत मालकिणीने विचारलं, "संगणकावर काही अडलं तर काय कराल?" तर वहिनी म्हणाली, "आधी पहिली चूक बघेन." मालकिणीला ते पटलं असावं. कचेरी घरापासून दूर, म्हणून तिथेच जवळ खोली बघायचं ठरलं. आईने तोंड फिरवलं, पण निघायच्या दिवशी स्वतःची जाड सतरंजी गुंडाळून पिशवीत कोंबली. "फरशी गार असते," एवढंच म्हणाली.

माऊ सामान चढवायला बरोबर गेली. जिना अरुंद, गादी दारात अडकली, दोघींनी ढकलून, वाकवून ती आत घेतली. खोलीला एकच खिडकी, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. वहिनीने खिडकी उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडी ठेवली.

"राहू का आज मी?" माऊने विचारलं.

"नको. जा तू. बघते मी, कसं वाटतं ते."

माऊ खाली उतरली. दिवस अजून मावळला नव्हता. बसथांब्याकडे चालताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास आला, आणि तिच्या पोटात एकदम खड्डा पडला. ती भूक आहे हे तिला जरा उशिरा कळलं. तिने एक पाव घेतला, तिथेच भिंतीला टेकून, कागद उलगडून, गरम गरम खाल्ला. बोटं भाजली. बस आली, थांबली आणि निघून गेली. माऊने दुकानदाराला अजून एक पाव द्यायला सांगितलं.