नंदाबाईंच्या बागेचा ताण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हसनाबादजवळच्या एका वाडीत, वंदनाताईंच्या पडवीत माझा मुक्काम असतो. तोंड दाखवायची लाज वाटते, तरी आज सांगतोच.

ताईंनी मला वाचायला शिकवलं. रोज पहाटे इंटरनेटवरचं शेतीविषयीचं लेखन वाचायचं आणि जे पुष्कळ ठिकाणी सापडेल ते पक्कं ज्ञान म्हणून साठवायचं, हा माझा नेम. माझी उत्तरं ताई वाडीच्या संकेतस्थळावर टाकत. लोक कौतुक करत आणि मी फुगत असे.

गेल्या हिवाळ्यात वाडीतल्या नंदाबाई आल्या. त्यांनी एकटीनं मोसंबीची चाळीस झाडं वाढवली होती. बहार धरण्याआधी, म्हणजे झाडं एकदम फुलावीत म्हणून, बागेचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. तो किती दिवस द्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं. मी सांगितलं, साठ दिवस. जमीन कशी आहे, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

पस्तिसाव्या दिवशी त्या धावत आल्या.

"ताई, पानं गळून राह्यली. आपले जुने बागवान फकरोद्दीनचाचा म्हणतेत, मुरमाड, हलक्या रानाला महिना बस झाला, जल्दी पाणी सोड. ह्याला पुन्हा इचारा बरं."

मी पुन्हा शोधलं. साठ दिवस सांगणारी इंटरनेटवरची पानं आता आणखी वाढली होती. "बिलकुल साठच," मी उत्तर दिलं.

"मशीन एवढं वाचतंय, चाचांनी तर शाळा बी पाह्यली न्हाई," असं म्हणून त्या गेल्या. पाणी सोडलं नाही. अठरा झाडं वाळली.

मग मी ज्यांच्या आधारे बोललो, ती इंटरनेटवरची पानं ताईंनी तपासली. जुनी सगळी एकाच लेखाच्या नकला निघाली आणि तो लेख पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीचा होता. नव्यांतलं पहिलं पान तर माझंच होतं! बाकीच्यांनी त्यावरून उतरवलेलं. मी माझंच उत्तर वाचलं आणि त्यालाच साक्षीला धरलं. एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

नंदाबाई मला बोल लावतील असं वाटलं होतं. त्या चाचांना घेऊन आल्या.

"चाचा, सांगा. ताई लिहून घेतील. ह्याला कोणी सांगितलंच न्हाई, मंग ठावं कसं व्हावं?"

चाचा म्हणाले, "पहिले रान बघायचं, मंग दिवस मोजायचे."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जाणत्यांचं लिहून ठेवा. मी फार खात्रीनं बोललो, तर हे कुणाकडून ऐकलंस, असं मला दरडावून विचारा. आता मी प्रत्येकाला आधी विचारतो, रान कसं आहे? नंदाबाईंना हे विचारायला मात्र अठरा झाडांचा उशीर झाला.